डोंगर कुणाचा, आणि फाटक कुणी लावायचं?

डोंगरउतारावरच्या कुरणाला एक लाकडी फाटक आहे असं समजा. चौघं जण ते उघडून पलीकडे जातात. पहिल्याला वाटतं, मागचा लावेल. शेवटच्याला वाटतं, उघडंच आहे, म्हणजे उघडंच ठेवायचं असेल. फाटकाच्या एका बाजूला मेंढ्या आहेत, दुसऱ्या बाजूला मेंढे. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते. ब्रिटनसारख्या थंड डोंगरी मुलखात मेंढपाळ कळपात मेंढा सोडतो तो नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे कोकरं एप्रिलमध्ये, कोवळं गवत फुटत असताना जन्माला येतात. ऑगस्टमध्ये फाटक उघडं राहिलं तर तीच कोकरं जानेवारीच्या बर्फात जन्मतात आणि त्यातली बरीच जगत नाहीत. मेंढपाळाला हा हिशोब कळतो तोवर ते चौघं कोण होते हे कुणालाच आठवत नसतं. त्यांना स्वतःलासुद्धा नाही.

उलटंही घडतं. एखादा शिस्तीचा भटका उघडं फाटक दिसलं की लावून घेतो आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात पुढे जातो. ते फाटक शेतकऱ्याने मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं, कारण गुरांचं पाणी पलीकडच्या कुरणात आहे. म्हणूनच इंग्लंड आणि वेल्समधल्या ग्रामीण भागात कसं वावरावं, याच्या सरकारी आचारसंहितेत 'फाटकं लावा' असं लिहिलेलं नाही. 'फाटक जसं दिसलं तसंच ठेवा' असं लिहिलं आहे. एवढ्या साध्या वाक्यामागे बरीच भांडणं खर्ची पडली असणार.

डोंगरावर शेती करणारे आणि डोंगर भटकायला येणारे यांच्यातले तंटे बातम्यांत येतात ते 'मालकी विरुद्ध हक्क' अशा मथळ्याखाली. मला त्यांचं मूळ दुसरीकडे दिसतं. भटकंतीचा आनंद एकाला मिळतो, तिचा भार दुसऱ्यावर पडतो आणि तो भार नक्की कसला, किती, हे दोघांपैकी कुणीच नीट मोजलेलं नसतं. जिथे तो सुटा करून मोजला तिथे तोडगे निघाले. जिथे फक्त हक्काचा निकाल लावला तिथे भांडण कोर्टातून बाहेर पडून पुन्हा फाटकापाशी येऊन उभं राहिलं.

रिकामं दिसणारं रान

सपाटीवरच्या शेतात पीक उभं असतं. त्यातून चालत जाऊ नये हे लहान मुलालाही कळतं. डोंगरावरच्या शेतात मात्र डोळ्यांना दिसेल असं काही नसतं. गवत, दगड, खडबडीत झुडपं, लांबवर चार मेंढ्या. बाहेरून आलेल्याला ते 'निसर्ग' वाटतं, तिथे राहणाऱ्याच्या लेखी ते कामाचं ठिकाण असतं. दोघांच्याही नजरेसमोर एकच उतार असतो आणि दोघंही खरं तेच पाहत असतात.

त्यात या उतारांवर बऱ्याचदा कुंपणंही नसतात. ब्रिटनच्या डोंगरांत सामाईक कुरणांवर अनेकांचे कळप एकत्र चरतात, तरी एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. कारण तिथल्या मेंढ्यांना आपला उतार ठाऊक असतो. आई कुठे चरते, कुठे आडोसा घेते, कुठल्या ओढ्याच्या पलीकडे जात नाही, हे कोकरू आईच्या मागे फिरून शिकतं आणि पुढे आपल्या पिल्लांना शिकवतं. याला तिथे 'हेफ्टिंग' म्हणतात. हे न दिसणारं कुंपण पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं. कळप विकत आणता येतो, ही सवय विकत मिळत नाही. कुत्र्याने किंवा गोंगाट करणाऱ्या टोळक्याने मेंढ्या पुन्हा पुन्हा उधळवल्या की हे कुंपण ढिलं पडतं. त्याचा पंचनामा करणार तरी कसा?

डोंगरातली शेती मुळातच तोट्याच्या काठावर चालते. जमीन निकस, हंगाम आखूड, बाजार लांब. युरोपात अशी अनेक शेतं सरकारी अनुदानाशिवाय तग धरणार नाहीत. यावर भटक्यांचा एक युक्तिवाद ठरलेला असतो: आमच्या करातून तुम्हाला पैसे मिळतात, मग आम्हाला चालायला का अडवता? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण अनुदानावर जगणाऱ्या माणसाला तो तोंडावर ऐकवला की बोलणी तिथेच संपतात, हेही तितकंच खरं.

जायचा हक्क आहे की नाही

या प्रश्नाला देशोदेशी वेगवेगळी उत्तरं आहेत. त्यातली काही पाहू.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न गाजला तो २४ एप्रिल १९३२ रोजी. मँचेस्टर आणि शेफील्डसारख्या गिरण्या-कारखान्यांच्या शहरांतले कामगार रविवारी जवळच्या किंडर स्काउटच्या पठारावर जाऊ पाहत. ती जमीन ड्यूक ऑफ डेव्हनशायरची आणि ग्राउस नावाच्या रानपक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली. त्या दिवशी सुमारे चारशे जणांनी ठरवून तिथे घुसखोरी केली. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच तरुणांना तुरुंगवास झाला. घुसखोरीपेक्षा या शिक्षांनीच लोकमत जास्त तापलं. सत्तर वर्षांनी, २००२ मध्ये, तेव्हाच्या ड्यूकने आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. ध्यानात घ्या, हे भांडण मेंढपाळाशी नव्हतं, शिकारीची हौस असलेल्या सरदाराशी होतं. भटक्यांच्या मनातला 'जमीनमालक' आजही बऱ्याचदा तोच ड्यूक असतो. प्रत्यक्षात समोर उभा असतो तो शे-दोनशे मेंढ्यांचा धनी, आणि ड्यूकवरचा राग त्याच्यावर निघतो.

पुढे २००० साली इंग्लंड आणि वेल्ससाठी कायदा झाला. डोंगर, माळ, झुडपी रान आणि नोंदणीकृत सामाईक जमीन यांवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. अशी जमीन इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भरते आणि ती नकाशावर आखून दिलेली आहे. बाकी ठिकाणी जुन्या वहिवाटीच्या पायवाटांवरूनच जायचं. नकाशावरच्या या मोकळ्या जमिनीवर मालकाला वर्षातले २८ दिवसांपर्यंत आपल्या मर्जीने प्रवेश बंद ठेवता येतो. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. दिवस मोजून दिले की मालकाला ते जपून वापरावेसे वाटतात आणि भटक्यालाही कळतं की ही बंदी मोसमी आहे.

स्कॉटलंडने याहून मोठी उडी घेतली. २००३ चा जमीन सुधारणा कायदा २००५ मध्ये अमलात आला आणि घराभोवतीचं आवार, पेरलेलं शेत असे अपवाद सोडून जवळपास सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर वावरण्याचा हक्क मिळाला. अट एकच, वागणं जबाबदारीचं हवं. बेजबाबदार वागलात तर त्या क्षणी हक्कही उरत नाही. 'जबाबदारीचं' म्हणजे काय, हे सांगायला वेगळी संहिता आहे आणि ती जमीनमालकालाही लागू आहे. त्यानेही विनाकारण वाट अडवणं बेजबाबदारच.

नॉर्वेचा १९५७ चा कायदा जमिनीचे दोन भाग करतो, घराजवळची कसलेली जमीन आणि बाहेरचं मोकळं रान. रानात कुणीही फिरावं. तंबू राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर हवा. कसलेल्या शेतात मात्र जमीन गोठलेली असताना किंवा बर्फाखाली असतानाच जायचं, तेही ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर हा काळ वगळून. इथे हक्क मालकीवर नाही, पिकाला इजा होईल की नाही यावर बेतलेला आहे. बर्फाखालच्या शेतातून स्की करत गेल्याने कुणाचं काय जातं?

आणि आयर्लंड. तिथे मोकळेपणाने फिरण्याचा सर्वसाधारण हक्क नाहीच. देशातलं सर्वांत उंच शिखर, १,०३८ मीटरचं कॅरनटूहिल, खासगी शेतकऱ्यांच्या मालकीचं आहे. लोक वर्षानुवर्षं तिथे जातात ते मालकांच्या चांगुलपणावर. 'जाऊ देतात म्हणून जातो' ही व्यवस्था ऐकायला गोड वाटते, पण चांगुलपणाचं करारपत्र नसतं. एका पिढीने दिलेली मुभा पुढची पिढी काढून घेऊ शकते, शेत विकलं गेलं तर नवा मालक पहिल्याच दिवशी काटेरी तार लावू शकतो.

पडला तर कोण भरणार?

शेतकऱ्यांना बोलतं केलं की कचरा, कुत्री, गाड्या यांच्या तक्रारी निघतात. पण पाटी लावायला भाग पाडणारी भीती बहुधा दुसरीच असते. माझ्या जमिनीवर कुणी पडला, पाय मोडला आणि त्याने माझ्यावर दावा लावला तर?

आयर्लंडच्या १९९५ च्या कायद्याने या भीतीवर तोडगा काढला होता. पैसे न देता फिरायला येणाऱ्याला त्याने 'मनोरंजनासाठी आलेला' असा वेगळा दर्जा दिला. अशा माणसाला मुद्दाम इजा करायची नाही आणि त्याच्या जिवाबाबत बेफिकीर राहायचं नाही, एवढीच मालकाची जबाबदारी. खड्डा बुजवला नाही, दगड निसरडा होता, यासाठी मालक सहसा अडकत नाही. यात एक खोच आहे. मालकाने आत येण्याचे पैसे घेतले की हे कवच गळून पडतं आणि जबाबदारी वाढते. गाडी लावण्याचं माफक भाडं तेवढं चालतं. 'माझी जमीन, मी तिकीट लावेन' असं म्हणणाऱ्याने हे आधी वाचलेलं बरं.

कायदा होता, तरी धास्ती गेली नव्हती, आणि २०१६ मध्ये ती उसळून वर आली. विकलोच्या डोंगरांत दलदलीवरून जाणारी जुन्या रेल्वे स्लीपरांची फळीवाट आहे. तिथल्या एका भोकात पाय अडकून पडलेल्या महिलेला खालच्या कोर्टाने ४०,००० युरोंची भरपाई दिली. वाट सरकारी खात्याची होती, शेतकऱ्याची नव्हे. तरी देशभरच्या शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला. सरकारला भरावे लागतात तर आपलं काय? फेब्रुवारी २०१७ मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला. डोंगरातल्या वाटेला शहरातल्या फुटपाथची मोजपट्टी लावता येणार नाही, चालणाऱ्याने पायाखाली पाहायला हवं, असा निकालाचा रोख होता. २०२३ मध्ये कायदाही बदलला आणि स्वतःहून पत्करलेल्या धोक्याची जबाबदारी पत्करणाऱ्यावर असते हे त्यात अधिक स्पष्ट झालं. पण पहिल्या निकालाची बातमी जितकी पसरली तितकी दुसऱ्याची पसरली नाही. भीतीच्या बाबतीत असंच होतं.

ऑस्ट्रियातली घटना जास्त कठीण आहे, कारण तिथे माणूस दगावला. जुलै २०१४ मध्ये टिरोल प्रांतातल्या पिनिस खोऱ्यात कुत्रा घेऊन चाललेल्या एका जर्मन महिलेला गाईंच्या कळपाने तुडवलं. गाई वासरांसह होत्या. सावधगिरीची पाटी होती. २०१९ मध्ये कोर्टाने शेतकऱ्याला जबाबदार धरून सुमारे १,८०,००० युरो आणि शिवाय कुटुंबाला दरमहा रक्कम द्यायला सांगितली. आल्प्समधले पशुपालक हादरले. उन्हाळ्यात उंचावरच्या कुरणात गुरं मोकळी सोडणं ही तिथली पिढीजात पद्धत आहे, सगळा डोंगर कुंपणात कसा घालणार? वरच्या कोर्टाने जबाबदारी निम्मी निम्मी वाटली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तर्क असा की सगळ्या कुरणाला कुंपण अपेक्षित नाही, पण खानावळीजवळच्या रहदारीच्या रस्त्यालगत, वासरं असलेल्या गाईंसाठी थोड्या अंतराचं कुंपण करणं शक्य होतं. महिलेनेही कुत्र्यासह गाईंपासून पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं. मधल्या काळात कायद्यात भर पडली. डोंगरी पशुपालनाची रूढ पद्धत आणि भटक्याची स्वतःची जबाबदारी या दोन्ही गोष्टी न्यायालयाने लक्षात घ्याव्यात असं त्यात आलं, आणि भटक्यांसाठी वागणुकीचे दहा नियमही निघाले.

निम्मं-निम्मं हा निकाल दोन्ही बाजूंना आवडला नाही. मला तो बरोबर वाटतो, कारण त्याने 'डोंगर' या एका शब्दाचे तुकडे केले. खानावळीजवळची शंभर पावलं आणि वरचं पठार यांना एकच नियम लावण्यात अर्थ नसतो.

कुत्रा

इतक्या वेळा आलाच आहे, तर त्याचं एकदा नीट पाहू. शेतकऱ्यांच्या तक्रारींत कुत्रा नेहमी वरच्या जागी असतो आणि कुत्रेमालकाचं उत्तर जगभर एकच असतं: 'आमचा काही करत नाही हो.'

करावं लागतच नाही. कुत्रा नुसता मागे धावला तरी गाभण मेंढी भेदरून पळते आणि त्या ताणाने गाभडू शकते. दाताचा ओरखडाही नसतो. गाईला मात्र कुत्रा म्हणजे वासराचा शत्रू, त्यामुळे ती पळत नाही, अंगावर येते. अशा वेळी दोरी सोडून द्यावी असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. कुत्रा गाईपेक्षा जोरात पळतो, माणूस पळत नाही. पिनिस खोऱ्यातल्या महिलेने कुत्र्याची दोरी कमरेला अडकवली होती.

मग विष्ठा. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी गवतावर येतो, गाईच्या पोटात जातो आणि गाई गाभडतात. काही पट्टकृमींची अंडीही याच वाटेने मेंढ्यांत शिरतात. 'शेणात शेण, त्यात काय एवढं' असं समजणाऱ्या कुत्रेमालकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. सांगितलं की बहुतेक जण ऐकतात, हा अनुभव सगळीकडचा आहे. 'कुत्र्यांना बंदी' या पाटीपेक्षा 'या कुरणात गाभण गाई आहेत, विष्ठेतून त्यांना रोग होतो' ही पाटी जास्त काम करते, कारण तिच्यात कारण दिलेलं आहे.

इंग्लंडच्या कायद्यात १ मार्च ते ३१ जुलै या काळात मोकळ्या फिरण्याच्या जमिनीवर कुत्रा दोन मीटरपेक्षा आखूड दोरीला बांधलेला हवा, आणि गुरांजवळ तर बारा महिने. मेंढ्या विण्याच्या काळात त्या कुरणात कुत्र्याला सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण मज्जावही करता येतो. वेळ अगदीच आली तर मेंढ्यांवर तुटून पडलेल्या कुत्र्याला गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला १९७१ च्या कायद्यात, काही अटींवर, बचाव आहे. पण गोळी झाडल्यानंतर त्या गावात कुणाशी कुणाचं बोलणं उरत नाही.

वाट झिजते, पैसे कुणाचे?

पायांनी डोंगर झिजतो. एक वाट चिखलाची झाली की लोक कडेने चालतात, ती कडही चिखल होते, आणि बघता बघता पायवाटेचा हमरस्ता होतो. इंग्लंडमधली पेनाइन वे ही ४३१ किलोमीटरची वाट १९६५ मध्ये सुरू झाली आणि पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ जमिनीवर तिचं असंच झालं. उपाय निघाला तो मोठा मजेशीर. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीच्या दगडी फरशा उखडून हेलिकॉप्टरने वर नेल्या आणि दलदलीवर मांडल्या. ज्या गिरण्यांतले कामगार रविवारी डोंगर चढत, त्याच गिरण्यांची जमीन आता डोंगरावर पायांखाली आहे. काही भटके कुरकुरले, रानात फरशी कसली? पण दोन्ही बाजूंना गवत परत आलं.

हे काम महाग असतं आणि ते शेतकऱ्याने करावं अशी अपेक्षा कुणीच करू शकत नाही. तो वाट बनवायला गेला नव्हता. मग त्याला पैसे द्यावेत का, आणि कशाचे? इथे आयर्लंडने बारीक पण फार कामाचा फरक केला. शेतकरी संघटनांची मागणी होती की जमिनीवरून जाऊ देण्याचा मोबदला मिळावा. भटक्यांच्या संघटना म्हणत, डोंगर चढण्याचे पैसे कसले? २००४ मध्ये दोघांना आणि सरकारी खात्यांना एकत्र बसवणारी 'कोर्ल्या ना टूहा' ही परिषद स्थापन झाली आणि २००८ मध्ये पायवाटांची योजना आली. तिच्यात शेतकऱ्याला पैसे मिळतात, पण प्रवेशाचे नाही, देखभालीचे. खुणेच्या वाटेवरची झुडपं तोडणं, पायऱ्या-फाटकं दुरुस्त ठेवणं, पाण्याला वाट काढून देणं, याचे तास धरले जातात. अशा वाटांवरच्या जमीनमालकांसाठी विम्याची सोयही असते.

वरवर हा शब्दांचा खेळ वाटेल. पण कामाचा मोबदला म्हटल्यावर शेतकऱ्याची मान खाली जात नाही, भटक्याचं 'डोंगर विकायला काढला' हे म्हणणं संपतं, आणि १९९५ च्या कायद्याचं कवचही शाबूत राहतं, कारण चालणाऱ्याकडून कुणी पैसे घेतलेले नसतात. एका गाठीच्या तीन दोऱ्या एकदम सुटल्या. शिवाय वाट नीट ठेवण्यात आता शेतकऱ्याचाच फायदा आहे.

लाळ्या-खुरकताचं वर्ष

'तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना' हे ब्रिटनला कळलं २००१ मध्ये. जनावरांत लाळ्या-खुरकत पसरला, रोग बुटांवरून जाईल या भीतीने गावोगावच्या पायवाटा बंद झाल्या आणि साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. शेतकऱ्यांची अपेक्षा असेल की भटके नसले तर निदान तेवढा ताप कमी. झालं असं की लोक यायचे थांबले तशा खानावळी, घरगुती मुक्कामाच्या खोल्या, गावची दुकानं ओस पडली. सरकारी लेखापरीक्षकांच्या अंदाजाने खासगी क्षेत्राचं नुकसान पाच अब्ज पौंडांच्या वर गेलं आणि त्यात पर्यटनाचा वाटा मोठा होता. कितीतरी शेतकऱ्यांच्याच घरात बायको मुक्कामाच्या खोल्या चालवत होती. शेत तोट्यात आणि खोल्या नफ्यात, हे गणित तोवर कुणी उघड मांडलं नव्हतं.

भटक्यांनाही त्या वर्षी काहीतरी दिसलं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगरी भागात कळप मारले गेले तेव्हा प्रश्न पडला, आता उताराची सवय असलेल्या मेंढ्या आणायच्या कुठून? आणि मेंढ्या चरल्या नाहीत तर आपल्याला आवडतो तसा मोकळा, गवताळ डोंगर राहील का? मेंढ्यांनी डोंगर खरवडून टाकला असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

बोलणी कशी होतात

स्कॉटलंडच्या वायव्येला लेटरू नावाची मोठी जहागीर आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भटक्यांच्या वावरावरून ताण वाढला होता. मालक होते पॉल व्हॅन व्ह्लिसिंगेन, डच उद्योगपती. त्यांनी गिर्यारोहक आणि पदभ्रमण संघटनांना बोलावलं आणि १९९३ मध्ये करार झाला. फिरायला मोकळीक, हरणांच्या शिकारीच्या ठरावीक आठवड्यांत मात्र आधी विचारून जायचं, मोठे गट आणायचे नाहीत. तेव्हा हा करार कायद्याने कुणावरच बंधनकारक नव्हता. तरी पुढे दहा वर्षांनी आलेल्या कायद्याचा पाया अशाच बोलण्यांतून घातला गेला. आधी सवय आणि मग कायदा, हा क्रम मला उलट्या क्रमापेक्षा भरवशाचा वाटतो.

आयर्लंडमध्ये कॅरनटूहिलच्या रांगेसाठी २०१४ मध्ये असाच मंच तयार झाला, त्यात जमीनमालक आहेत, गिर्यारोहक आहेत, स्थानिक व्यावसायिक आहेत. अशा मंचांचं कामकाज वाचलं तर तिथे हक्कांवर भाषणं कमी आणि गाड्या कुठे लावायच्या यावर चर्चा जास्त असते. ही कुचेष्टा नाही. सकाळी सातला ट्रॅक्टर घेऊन निघालेल्या माणसाच्या वाटेत शहरातून आलेली गाडी आडवी असली, तर त्याला त्या दिवशी सगळ्या गिर्यारोहकांचाच राग येतो. ओल्याबरोबर सुकंही जळतं. एका वाहनतळाने जेवढी भांडणं मिटतात तेवढी दहा परिपत्रकांनी मिटत नाहीत.

उपाय बहुतेक असेच बुटके असतात. आपोआप मिटणारं झुलतं फाटक. दगडी गडग्यावर चढायला लाकडी शिडी, म्हणजे गडगा ढासळत नाही. विण्याच्या हंगामात कुरणाच्या कडेने पर्यायी वाट, आणि तिच्या दोन्ही टोकांना खुणा. पाटीवर तारीख. तारखेविना लावलेली 'प्रवेश बंद' ही पाटी दोन वर्षांनी फक्त गंजते आणि लोक तिला वळसा घालून जायला शिकतात, मग खरी गरज असतानाची पाटीही कुणी मानत नाही. न्यूझीलंडमध्ये वानाका गावाजवळच्या रॉयज पीक या शिखराची गर्दीची वाट मेंढ्यांच्या विण्यासाठी १ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर बंद ठेवण्याची पद्धत आहे. तारखा आधीपासून जाहीर असल्यामुळे येणारे आपला बेत त्याप्रमाणे आखू शकतात.

आणि एक माणूस लागतो. आयर्लंडमध्ये त्याला ग्रामीण मनोरंजन अधिकारी म्हणतात, नाव अगदीच सरकारी आहे. कोणाच्या बांधावरून वाट नेली तर भाऊबंदकी उफाळेल, कोण चहा घेतल्याशिवाय सही करत नाही, कुणाचा बैल मारका आहे, हे त्याला ठाऊक असतं. शेतकऱ्याने रागात फोन करायचा तो त्याला, आणि भटक्यांच्या संघटनेने तक्रार करायची तीही त्याच्याकडेच. अशी जागा निधीअभावी रिकामी राहिली की कागदावरचा करार तसाच राहतो आणि वाट हळूहळू बंद होते.

कायद्याच्या पलीकडे

यातून सगळं सुटतं असं नाही. स्कॉटलंडमध्ये लॉक लोमंड या सरोवराच्या काठी गर्दी, शेकोट्या आणि टाकून दिलेले तंबू इतके वाढले की २०१७ पासून काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर तंबू ठोकायला परवाना लागतो. ज्या देशाने सगळं मोकळं केलं त्यालाच थोडं परत बांधावं लागलं. भटक्यांच्या संघटनांनी विरोध केला. मोजक्या बेशिस्त लोकांसाठी सगळ्यांचा हक्क का आखडता घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण काठावर राहणाऱ्यांकडे त्या मोजक्या लोकांना आवरायचं दुसरं साधन नव्हतं.

इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये उलटं झालं. तिथल्या सामाईक जमिनींवर रात्रीचा मुक्काम करता येतो असं लोक धरून चालले होते. एका जमीनमालकाने कोर्टात विचारलं, १९८५ च्या कायद्यात पायी आणि घोड्यावरून 'मोकळ्या हवेतलं मनोरंजन' असं लिहिलं आहे, त्यात झोपणं येतं का? जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्ट म्हणालं, नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये वरचं कोर्ट म्हणालं, येतं. २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, येतं. मालकाची तक्रार आगी, कचरा आणि गुरांना होणारा त्रास यांची होती. निकाल लागला तो एका शब्दाच्या अर्थाचा. तंबू लागतच आहेत, गुरं चरतच आहेत, आणि शेकोटीला तिथल्या नियमांनुसार आधीही बंदी होती, आताही आहे. ती बंदी अंधारात पाळली जाते का, हे पाहायला डोंगरावर किती रखवालदार फिरतात, याचा त्या खटल्याशी काहीच संबंध नव्हता.